आपल्याच कुरणात परका

1907 साली अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, रॅव्हली नावाच्या लहानशा रेल्वे स्टेशनावर बायसनांची पाठवणी सुरू झाली. माळावर मोकळी वाढलेली ही जनावरं डब्यात चढवणं सोपं नव्हतं. पूर्ण वाढलेल्या नराचं वजन 900 किलोपर्यंत जातं आणि एवढा देह असूनही तो घोड्याच्या बरोबरीने धावतो. दोरखंड तुटत होते, फळ्या मोडत होत्या. दिवसभर हाकून आणलेला कळप ऐन वेळी घोडेस्वारांची रांग फोडून पुन्हा डोंगरात पसार व्हायचा. शेवटी शेवटी अट्टल जनावरांसाठी जाड लाकडाचे पिंजरे बांधले गेले. एका पिंजऱ्यात एक बायसन, तो पिंजरा घोड्यांच्या गाडीवर, आणि गाडी मैलोन् मैल चालत स्टेशनाकडे. लवकर आटोपेल असं वाटलेलं हे काम 1912 पर्यंत चाललं. 700 हून अधिक बायसन सीमा ओलांडून कॅनडात गेले. कॅनडा सरकारने दर जनावरामागे 245 डॉलर मोजले.

त्या काळात जगातला बायसनांचा सर्वांत मोठा कळप एका माणसाच्या मालकीचा होता. त्याचं नाव मिशेल पाब्लो. आई ब्लॅकफीट जमातीची, बाप मेक्सिकन. फ्लॅटहेड या मूळ रहिवाशांच्या जमातींसाठी राखून ठेवलेल्या प्रदेशात तो गुरं आणि बायसन बाळगून होता. कळप विकायची त्याला हौस नव्हती. 1904 साली अमेरिकेच्या काँग्रेसने फ्लॅटहेडच्या जमिनीचे तुकडे पाडून उरलेली जमीन बाहेरच्या वसाहतवाल्यांना खुली करण्याचा कायदा केला. कुंपणं येणार, नांगर येणार, मग शेकडो बायसन चरणार कुठे? पाब्लोने आधी आपल्याच सरकारला कळप देऊ केला. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट अनुकूल होते, पण काँग्रेसने पैसे मंजूर केले नाहीत. कॅनडाने केले.

पुढच्या जवळपास सव्वाशे वर्षांत अमेरिकन बायसनाच्या वाट्याला जे आलं, त्याची सगळी बीजं या एका व्यवहारात सापडतात. जनावर वाचलं, पण कुणाच्या तरी मालकीचं होऊन. आणि चरायला जागा कुठली, हा प्रश्न तेव्हा सुटला नाही आणि आजही सुटलेला नाही.

मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर बायसन म्हटलं की राधानगरी-दाजीपूरचा गवा येतो. गवा हा वेगळा प्राणी, झाडीत राहणारा. अमेरिकन बायसन उघड्या माळाचा रहिवासी आहे. खांद्यावर मोठं वशिंड, डोक्या-मानेवर दाट केस, मागचा भाग तुलनेने लहान. ते वशिंड म्हणजे डोकं पेलणाऱ्या स्नायूंचा डोलारा. हिवाळ्यात गुडघाभर बर्फ पडलं की बायसन मान खाली घालून डोकं डावीकडे-उजवीकडे हलवत राहतो, बर्फ बाजूला सरतं आणि खालचं वाळलं गवत उघडं पडतं. गाय हे करत नाही. बर्फाचा थर जाड झाला की ती उपाशी उभी राहते.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर अमेरिकेत किमान 3 कोटी बायसन होते असा अंदाज आहे. काही अभ्यासक तो आकडा याहून बराच वर नेतात. 1889 मध्ये जी मोजणी झाली त्यात उरले होते 1,091. त्यातही अमेरिकेत कुठल्याही संरक्षणाशिवाय मोकळे फिरणारे फक्त 85.

ही घसरण काही पिढ्यांची असली, तरी अखेरचा घाला दहा-बारा वर्षांतला आहे. 1870 पर्यंत बायसनाच्या कातड्याला बाजार होता तो हिवाळी कातड्यांना. केसांसकट कमावलेलं ते कातडं जमातींच्या बायका मेहनतीने मऊ करत आणि त्याचे झगे, पांघरुणं होत. 1871 च्या सुमारास कातडी कमावण्याची रासायनिक पद्धत सापडली आणि कोणत्याही ऋतूत मारलेल्या जनावराचं कातडं कारखान्याच्या कामाचं झालं. यंत्रांच्या पट्ट्यांना मजबूत चामडं हवं होतं, आणि ते अमेरिकेत तसंच युरोपातही हवं होतं. 1872 मध्ये कॅन्ससमधल्या डॉज सिटीपर्यंत रेल्वे पोहोचली. कातडी वाहून न्यायला मालगाडी, लांब पल्ल्याची शार्प्स बंदूक आणि रोख पैसा देणारा व्यापारी अशा तिन्ही गोष्टी एकाच वेळी जमून आल्या.

शिकारीची रीत अगदी यंत्रवत होती. वाऱ्याच्या खालच्या बाजूने शिकारी सरपटत जायचा, लांबूनच नेम धरायचा. पहिली गोळी कळपाच्या पुढाऱ्याला, म्हणजे बहुतेक वेळा वयस्क मादीला, फुफ्फुसात. ती पळत सुटत नसे. जागच्या जागी झोकांड्या खाऊन बसे. बाकीचे तिच्याभोवती घुटमळत, हुंगत. निघायचा प्रयत्न करणाऱ्याला पुढची गोळी. नळी तापली की बंदूक बदलायची. असा एका जागी बसून शिकारी डझनावारी बायसन लोळवी आणि मागून येणारे कातडे सोलणारे कामाला लागत. मांस बहुतेक वेळा तिथेच सडत असे. दक्षिणेकडचा कळप 1870 च्या दशकातच संपला. उत्तरेत नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वे 1881 मध्ये माइल्स सिटीला पोहोचली आणि 1883 संपता संपता तिथलाही धंदा बसला, कारण मारायला काही उरलंच नाही. मग लोक हाडं गोळा करू लागले. गाड्याच्या गाड्या भरून हाडं खतासाठी आणि साखर शुद्ध करण्याच्या कारखान्यांसाठी जात होती.

सरकार काय करत होतं? 1874 मध्ये काँग्रेसने बायसनाच्या माद्यांच्या कत्तलीला आळा घालणारं विधेयक मंजूर केलं होतं. अध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी त्यावर सही न करता ते मरू दिलं. त्याच सुमारास सरकारी जमिनी आणि जमातींचा कारभार पाहणारे अंतर्गत खात्याचे मंत्री कोलंबस डेलानो यांनी आपल्या वार्षिक अहवालात उघडपणे लिहिलं होतं, की बायसन पार नाहीसे झाले तरी त्यांना फारसं वाईट वाटणार नाही. कारण शिकार संपली की जमाती निमूटपणे शेतीकडे आणि सरकारी राखीव प्रदेशांकडे वळतील. हा हिशेब कागदावर होता आणि तो प्रत्यक्षात आला. 1883-84 च्या हिवाळ्यात मोंटानातले सुमारे 600 ब्लॅकफीट अन्नावाचून मेले. बायसनाचा इतिहास सांगताना ही माणसं तळटीपेत ढकलली जातात. ती मुख्य मजकुरात असली पाहिजेत.

आज याच अंतर्गत खात्याच्या अधिकृत मुद्रेवर बायसनाचं चित्र आहे.

1889 ची ती मोजणी करणारा माणूस होता विल्यम हॉर्नडे. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात तो प्राण्यांच्या कातड्यांत पेंढा भरून ते उभे करण्याच्या कामाचा प्रमुख होता. त्याआधी ऐन विशी-पंचविशीत तो संग्रहालयांसाठी प्राणी मारत हिंदुस्थान, सिलोन आणि मलायात हिंडून आला होता. 1886 मध्ये त्याला कळलं की आपल्या संग्रहालयात बायसनाचे चांगले नमुनेच नाहीत, आणि आता माळावरही फारसे उरलेले नाहीत. तो तातडीने मोंटानाला गेला आणि उरलेल्यांपैकी सुमारे 25 मारून घेऊन आला. आज हे वाचताना चीड येते. पण परतलेला हॉर्नडे बदललेला होता. त्याने तयार केलेला बायसनांचा देखावा 1888 मध्ये वॉशिंग्टनमध्ये मांडला गेला. त्या देखाव्याच्या तळाशी त्याने एक धातूची पेटी ठेवली होती आणि त्यात आपल्यानंतरच्या कारागिराच्या नावे चिठ्ठी होती. हे नमुने जपा, नष्ट होऊ देऊ नका, अशी कळकळीची विनंती त्यात होती. 1957 मध्ये देखावा उतरवताना ती सापडली. त्याचे ते बायसन आता मोंटानातल्या फोर्ट बेंटनच्या संग्रहालयात आहेत.

पुढे हॉर्नडे न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयाचा संचालक झाला. 1905 मध्ये अमेरिकन बायसन सोसायटी स्थापन झाली तेव्हा तो अध्यक्ष आणि थिओडोर रूझवेल्ट मानद अध्यक्ष. 1907 मध्ये ब्रॉन्क्समध्ये वाढलेले 15 बायसन रेल्वेने ओक्लाहोमातल्या विचिटा राखीव जंगलात पोहोचवले गेले. महानगरातल्या प्राणिसंग्रहालयातून जनावरं माळावर परत जात होती. ती पाहायला कोमांची जमातीचा पुढारी क्वाना पार्कर स्वतः हजर होता. त्याच्या तरुणपणी याच मुलखात बायसनांचे लोंढे फिरत होते.

पण खरी जपणूक त्याआधीच, सरकारदरबारी कुणाचं लक्ष नसताना झाली होती. टेक्सासमध्ये मेरी अ‍ॅन गुडनाइट हिने नवऱ्याच्या मागे लागून पोरकी झालेली बायसनाची वासरं पकडून आणवली आणि वाढवली. फ्लॅटहेडमध्ये लताती नावाच्या तरुणाने पर्वतरांगेपलीकडून मूठभर वासरं आपल्या लोकांत आणली. त्याच्या बापानेच पूर्वी सुचवलं होतं की आता शिकारीला जाण्यापेक्षा कळप आपल्याकडे आणून वाढवू. तेव्हा जमातीच्या पुढाऱ्यांचं एकमत झालं नव्हतं. मुलाने ते करून दाखवलं. 1884 मध्ये लतातीच्या सावत्र बापाने, सॅम्युएल वॉकिंग कोयोटेने, वाढलेली जनावरं पाब्लो आणि त्याचा भागीदार चार्ल्स अलार्ड यांना विकली. रॅव्हलीच्या स्टेशनावर गाडीत चढवलेल्या कळपाचं मूळ हे.

यलोस्टोनची गोष्ट याच सुताने पुढे जाते. 1872 मध्ये जाहीर झालेल्या या राष्ट्रीय उद्यानात जंगली बायसन शिल्लक होते, पण तिथे शिकार करणाऱ्याला शिक्षा देणारा कायदाच नव्हता. पकडलेल्याला हद्दीबाहेर काढायचं, बस्स. मार्च 1894 मध्ये लष्कराचा टेहळ्या फेलिक्स बर्जेस पेलिकन खोऱ्यात पोहोचला तेव्हा एडगर हॉवेल नावाचा शिकारी मारलेले बायसन सोलण्यात दंग होता. मधलं मैदान उघडं होतं, पण वारा बर्जेसच्या बाजूने होता. हॉवेलच्या कुत्र्यालाही चाहूल लागली नाही. योगायोगाने ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ साप्ताहिकाचा वार्ताहर इमर्सन हफ त्याच दिवसांत उद्यानात होता. बातमी फोटोंसह छापून आली, वाचक खवळले, आणि 7 मे 1894 ला अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी यलोस्टोनमधल्या वन्यप्राण्यांना संरक्षण देणाऱ्या कायद्यावर सही केली. इतकं होऊनही 1902 मध्ये उद्यानात 23 च बायसन राहिले. सरकारने पाब्लो-अलार्ड कळपातल्या 18 माद्या आणि गुडनाइटकडचे 3 नर विकत घेतले. लामार खोऱ्यात त्यांच्यासाठी गोठे, गवताच्या गंजी, हाकारे असा चक्क गुरांच्या वाड्यासारखा थाट अनेक दशकं चालला. जंगली प्राण्याला गुराखी लावून जगवलं गेलं.

दरम्यान रिकाम्या झालेल्या माळावर गुरं आली. टेक्सासहून लाखोंनी हाकत आणलेली. आपल्या गावच्या गायरानाला निदान गावाची वेस असते. इथे सरकारी जमिनीला वेसही नव्हती आणि विचारणारंही कुणी नव्हतं. जो आधी पोहोचेल त्याचं गवत. 1886-87 च्या हिवाळ्यात, म्हणजे हॉर्नडे मोंटानातून परतल्यावर लगेचच, थंडी अशी पडली की लाखो गुरं कुंपणांशी आणि ओढ्यांच्या घळींत गोठून मेली. ज्या बर्फाखालचं गवत बायसन डोकं हलवून खात होता त्याच बर्फाने गाईंचा जीव घेतला. तरीही धडा कुणी घेतला नाही. मेंढरं वाढली, पुन्हा गुरं वाढली, माळ उघडा पडत गेला.

मे 1934 मध्ये अमेरिकेच्या मध्यभागातली माती वावटळींनी उचलून थेट पूर्व किनाऱ्यापर्यंत नेली. वॉशिंग्टनच्या रस्त्यांवर धूळ उतरली. पुढच्याच महिन्यात, 28 जून 1934 ला, अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी टेलर चराई कायद्यावर सही केली. कोलोरॅडोचे काँग्रेस सदस्य एडवर्ड टेलर यांचं हे विधेयक. सुरुवातीला 8 कोटी एकर सरकारी जमीन चराईच्या जिल्ह्यांत आखायची, परवान्याशिवाय कुणी जनावरं सोडायची नाहीत आणि परवाना जास्तीत जास्त दहा वर्षांचा, अशी त्याची घडण. प्राधान्य कुणाला? शेजारी ज्याची स्वतःची जमीन किंवा पाणी आहे आणि जो आधीपासून जनावरं पाळतो त्याला.

हा कायदा त्या काळाच्या मानाने मोलाचा होता हे मान्य केलंच पाहिजे. त्याने माळ वाचवला. त्याच्या अंमलबजावणीसाठी नेमलेल्या चराई खात्याचे पहिले प्रमुख फॅरिंग्टन कार्पेंटर हे स्वतः कोलोरॅडोतले गुरं पाळणारे आणि हार्वर्डचे पदवीधर. त्यांनी गावोगावी सभा घेतल्या, गुरांच्या आणि मेंढरांच्या मालकांना समोरासमोर बसवलं, स्थानिक मंडळं नेमली आणि कुणाचं किती गवत हे त्यांच्याकडूनच ठरवून घेतलं. त्या टेबलांभोवती गाय होती, मेंढी होती, घोडा होता. बायसनाची बाजू मांडणारं कुणी नव्हतं, कारण त्या जमिनींवर बायसनच उरला नव्हता. पन्नास वर्षांपूर्वी तो तिथून संपला होता आणि त्याच्यावर जगणाऱ्या जमाती राखीव प्रदेशांत कोंडल्या गेल्या होत्या. सगळ्या पुढच्या भांडणाचं मूळ मला इथे दिसतं. गवताची वाटणी झाली तेव्हा मूळ हकदार गैरहजर होता, आणि त्या वाटणीलाच पुढे परंपरा म्हटलं जाऊ लागलं.

गवत मोजायचं परिमाणही गाईचंच ठरलं. एक गाय आणि तिचं वासरू यांना महिनाभर लागणारा चारा म्हणजे एक एकक. 1936 मध्ये त्याचा दर 5 सेंट होता. 1946 साली चराई खातं आणि जुनं जमीन कार्यालय एकत्र करून ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट स्थापन झाला. आज त्याच्या ताब्यात सुमारे 24.5 कोटी एकर जमीन आहे. त्यातल्या 15.5 कोटी एकरांवर चराई चालते आणि सुमारे 18 हजार परवाने दिलेले आहेत. जवळजवळ सगळे गाई-मेंढरांचे.

याला एक फार जुना अपवाद आहे आणि तो मुद्दाम सांगण्यासारखा आहे. 1941 मध्ये यूटा राज्याने यलोस्टोनमधून 18 बायसन आणून दक्षिणेकडच्या रखरखीत वाळवंटात सोडले. पुढच्या वर्षी आणखी 5 नर. त्यांना तिथे गोठे नव्हते, गंजी नव्हत्या. जनावरं आपली वाट शोधत डर्टी डेव्हिल नदी ओलांडून गेली आणि 1960 च्या दशकात हेन्री पर्वतरांगेत कायमची स्थिरावली. साडेअकरा हजार फुटांच्या माउंट एलनच्या उतारांवर ती उन्हाळा काढतात. ही बहुतांश ब्यूरोची जमीन. त्याच उतारांवर परवानाधारकांच्या गाई चरतात. बायसनाचे मालक कुणी नाहीत, ते राज्याचे वन्यप्राणी आहेत. त्यांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी दरवर्षी ठरावीक शिकारीचे परवाने निघतात.

गुरांच्या मालकांची तक्रार होती की बायसन आमच्या गाईंचा चारा फस्त करतात. यूटा स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी मग कुंपणं उभारून, कुठे मोठ्या जनावरांना तर कुठे सशांनाही आत येऊ न देता, गवत नेमकं कोण खातं हे मोजलं. 2015 मध्ये निष्कर्ष छापून आले. निम्म्याहून थोडं जास्त गवत गाईंनी खाल्लं होतं. सुमारे एक तृतीयांश सशांनी. बायसनांच्या वाट्याला साधारण एक सप्तमांश. इतकी वर्षं ज्याच्या नावाने खडे फोडले जात होते त्याच्या दुपटीहून जास्त चारा ससे खात होते, आणि सशांबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. लांडगे आणि कोल्ह्यासारखे कोयोटे मारून मारून सशांचे शत्रू कमी कुणी केले, हाही प्रश्न त्यातून निघतो.

यलोस्टोनच्या सीमेवर मात्र भांडण चाऱ्यापुरतं नव्हतं. तिथे एक जिवाणू आडवा आला. ब्रुसेलोसिस हा गर्भपात घडवणारा रोग युरोपातून आलेल्या गुरांनी अमेरिकेत आणला, त्यांच्यापासून तो बायसनांना लागला, आणि 1917 मध्ये यलोस्टोनच्या कळपात त्याची पहिली नोंद झाली. 1960 च्या दशकाअखेर उद्यानाने कळप छाटणं थांबवलं. तेव्हा चारशेच्या आसपास असलेले बायसन वाढत वाढत तीन हजारांवर गेले. बर्फ वाढला की ते जुन्या सवयीने खालच्या खोऱ्यांत, उद्यानाच्या हद्दीबाहेर उतरतात. हद्दीबाहेर मोंटाना राज्य, आणि 1995 पासून तिथे बाहेर आलेल्या बायसनांवर अधिकार पशुधन खात्याचा. 1996-97 च्या कडक हिवाळ्यात 1,000 हून अधिक बायसन मारले गेले किंवा कत्तलखान्यात पाठवले गेले. 2007-08 मध्ये 1,600 हून अधिक. मुक्त बायसनापासून गाईंना हा रोग लागल्याचं एकही प्रकरण सिद्ध झालेलं नाही. राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या 2017 च्या अहवालाने या परिसरातल्या अलीकडच्या गुरांमधल्या लागणींचं मूळ एल्क या हरणांकडे दाखवलं. एल्क बाहेर मोकळे हिंडतात, शिकारी त्यांची वाट पाहतात. बायसन बाहेर आला की पशुधन खात्याची गाडी येते.

थोडं मोकळं रान मात्र मिळालं. 2015 च्या अखेरीस मोंटानाचे गव्हर्नर स्टीव्ह बुलॉक यांनी उद्यानाच्या पश्चिमेकडच्या हॉर्स ब्यूट परिसरात बायसनांना वर्षभर राहू देण्याचा निर्णय घेतला. ती राष्ट्रीय जंगलाची, म्हणजे सार्वजनिक जमीन आहे. चार-पाच महिन्यांनी, 9 मे 2016 ला, अध्यक्ष बराक ओबामा यांनी सही केली आणि बायसन हा अमेरिकेचा राष्ट्रीय सस्तन प्राणी झाला. त्या कायद्याने त्याला एक एकरही जमीन मिळाली नाही.

सध्याचा सगळ्यात मोठा तंटा आहे तो मोंटानाच्या ईशान्य भागातल्या फिलिप्स काउंटीचा. 2001 मध्ये स्थापन झालेली अमेरिकन प्रेअरी ही संस्था इथे विकाऊ झालेली गुरांची कुरणं बाजारभावाने विकत घेते. अमेरिकेत अशा कुरणाबरोबर शेजारच्या सरकारी जमिनीच्या चराई परवान्याचा प्राधान्याचा हक्कही येतो. खासगी जमीन, सरकारी चराईची जमीन आणि 11 लाख एकरांचं चार्ल्स रसेल वन्यजीव आश्रयस्थान हे सगळं जोडून एक अखंड माळ उभा करायचा, हे तिचं स्वप्न. 2005 मध्ये तिने विंड केव्ह राष्ट्रीय उद्यानातून पहिले 16 बायसन आणले. तो कळपही ब्रॉन्क्सहून 1913 मध्ये गेलेल्या 14 जनावरांचा वंश. नंतरचे कळप आले कॅनडातल्या एल्क आयलंडहून. पाब्लोचे बायसन त्याच देशातल्या वेनराइटच्या मोठ्या उद्यानाचं कुंपण तयार होईपर्यंत एल्क आयलंडला ठेवले होते, आणि पुढे हलवताना पकडीत न आलेले चार-पाच डझन तिथेच राहिले होते. त्यांचे हे वंशज. 2016 मध्ये ब्लॅकफीट जमातीनेही तिथूनच 80 हून अधिक वासरं आणली. पाब्लोच्या आईची ही जमात. 2023 मध्ये त्यांतले काही बायसन चीफ माउंटनच्या पायथ्याशी मोकळे सोडले गेले.

अमेरिकन प्रेअरीने 2017 मध्ये ब्यूरोकडे 18 चराई गटांवर गाईंऐवजी बायसन चारण्याची परवानगी मागितली. विरोध इतका झाला की 2019 मध्ये मागणी सात गटांवर आणली गेली. रस्त्याकडेला, कुंपणांवर, दुकानांच्या काचांवर ‘काउबॉय वाचवा’ अशा अर्थाचे फलक लागले. या विरोधाकडे तुच्छतेने पाहण्यात अर्थ नाही. फिलिप्स काउंटीची वस्ती चार हजारांच्या घरात आहे. एक कुरण विकलं गेलं की शाळेतली दोन-तीन मुलं कमी होतात, पेंडवाल्याचं गिऱ्हाईक जातं, आणि बाहेरच्या देणगीदारांच्या पैशापुढे शेजारच्या तरुणाला ती जमीन घेता येत नाही. पिढ्यान् पिढ्या उणे तीस अंश थंडीत वासरं वाचवणाऱ्या घरांना आपण इतिहासजमा होणार असं वाटलं, तर ती भीती खरी आहे. पण हीच घरं ज्या जमिनीवर उभी राहिली तिथूनही कुणीतरी इतिहासजमा झालं होतं. दोन्ही दुःखांना जागा देणारा माळ शोधावा लागेल, आणि त्यासाठी सरकारी जमिनीइतकी योग्य जागा दुसरी नाही. ती एका धंद्याची मिरास नाही, सगळ्या देशाची आहे.

28 जुलै 2022 ला ब्यूरोने परवानगी दिली. सुमारे 63,500 एकर, त्यात बहुतेक गटांवर बायसन. मोंटाना राज्य आणि गुरांच्या मालकांच्या संघटना अपिलात गेल्या. खरी लढाई नियमावलीतल्या शब्दांवर आली. चराईच्या नियमांत पशुधन म्हणजे गाई-बैल, मेंढ्या, घोडे, गाढवं आणि शेळ्या. त्यात बायसन नाही. पण त्याच नियमांत एक वेगळी तरतूद आहे. खासगी मालकीच्या किंवा ताब्यातल्या स्थानिक जातीच्या प्राण्यांसाठी अधिकारी विशेष परवाना देऊ शकतो. याच आधारावर इतर काही राज्यांतही बायसनपालकांना पूर्वी परवाने मिळाले होते. म्हणजे सार्वजनिक जमिनीवर पाय ठेवायचा तर बायसनाला कुणीतरी मालक हवा. राज्याच्या कायद्यात तो पशुधन ठरतो, त्याच्यावर डोईपट्टी भरली जाते, आणि केंद्राच्या नियमात तो पशुधन नसतो.

जानेवारी 2026 मध्ये ब्यूरोने हे परवाने रद्द करण्याचा प्रस्तावित निर्णय काढला. टेलर कायद्याखाली परवाना उत्पादनासाठी पाळलेल्या जनावरांनाच देता येतो आणि अमेरिकन प्रेअरीचा कळप तसा नाही, असं त्याचं सार. संस्थेचं म्हणणं, आम्ही नियम पाळले, वीस वर्षं या माळावर बायसन चारले, गवताची हानी झाली नाही. मोंटानाच्या गव्हर्नरांनी निर्णयाचं स्वागत केलं. वादातली जमीन ब्यूरोच्या एकूण चराईच्या जमिनीच्या दोन हजारांत एक भागही नाही. पण उत्पादनाची ही कसोटी एकदा कायम झाली, तर प्रश्न एका संस्थेपुरता राहणार नाही. आज 80 हून अधिक जमातींकडे मिळून वीस हजारांवर बायसन आहेत. कुणी ते मांसासाठी पाळतात, कुणी विधींसाठी, कुणी मुलांना आपलं जनावर दाखवायला, आणि बहुतेक जण या सगळ्यासाठी एकदमच. त्यांच्यापैकी कुणाला उद्या शेजारच्या सरकारी माळावर कळप सोडायचा असेल, तर हे जनावर तुम्ही कशासाठी पाळता, हा प्रश्न त्यांनाही विचारला जाईल, आणि 1934 च्या कायद्यात बसेल असं उत्तर त्यांना द्यावं लागेल.